लवंगीचं काळीज

"केस काढू नका, डॉक्टरताई," सुपडू आप्पा म्हणाले आणि सरळ माझ्या आणि घोडीच्या मधे येऊन उभे राहिले.

केस कापायचं मशीन माझ्या हातात घरघरत होतं. ते मी बंद केलं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात येऊन मला दोन तास झाले होते, तापीवरून येणाऱ्या गारठ्यानं बोटं वाकत नव्हती, आणि ज्या एका घोडीसाठी पुण्याहून एवढी यातायात केली तिचा मालकच आता आडवा आला होता. मी त्यांना समजावलं. माझ्या सोनोग्राफीच्या यंत्राचा दांडा कातडीला घट्ट चिकटावा लागतो. मधे केस राहिले की हवा राहते, आणि हवा राहिली की पडद्यावर काळजाऐवजी नुसते मुरमुरे दिसतात. उजव्या पुढच्या पायाच्या कोपरामागे तळहाताएवढी जागा भादरायची, बस. दोन महिन्यांत केस परत येतात.

"परत येतात?"

"पहिल्यासारखे."

आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. घोडीकडे बघितलं, मग लांब रस्त्याकडे बघितलं. आणि एकदम म्हणाले, "मग काढा. चांगलं मोठं काढा. हात आखडू नका."

घडीत नको, घडीत मोठं काढा. मला काही उमजेना. पण मालक हो म्हणतोय तोवर काम उरकून घ्यावं म्हणून मी मशीन चालू केलं. आप्पांनी स्वतः घोडीचा पाय पुढे ओढून धरला आणि 'इथून, अजून थोडं इकडं' करत मला जागा दाखवत राहिले. तळहाताएवढं म्हणता म्हणता ताटलीएवढं भादरून झालं. खाली पडलेला केसांचा पुंजका आप्पांनी चपलेनं मातीत सारला.

चौदा वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा मी तिशीची होते. घोड्याचं हृदय तपासायचं यंत्र जीपमधे टाकून गावोगाव फिरणारी आपणच एकटी, अशी माझी समजूत होती, त्यामुळे अंगात थोडी मस्तीही होती. शिकले होते ती शर्यतीच्या विलायती घोड्यांवर. बाजार, यात्रा, सौदे यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आमच्या चिपळूणकडे घोडा बघायचा तो वरातीत, आणि तोही लांबून.

सुपडू आप्पा शहाद्यापलीकडच्या एका खेड्यातले. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, बायको तीन वर्षांमागे वारलेली. मुलगा सुरतेला. यात्रा संपली की आठ दिवसांत आप्पा त्याच्याकडे राहायला जाणार होते, तिसऱ्या मजल्यावर. गायी पुतण्याला दिल्या, भांडी भाचीला दिली, कोंबड्या शेजारणीला. राहिली ती लवंगी. काळी कुळकुळीत, कान आत वळून एकमेकांना टेकलेले, आणि स्वभाव नावासारखाच. तिला त्यांनी शिंगरू असल्यापासून वाढवलेलं. मी काही न विचारता हे सगळं त्यांनी मला पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकलं होतं.

आणखी एक सांगितलं होतं. तीन दिवसांपासून गुलाबशेठ नावाचा एक व्यापारी लवंगीभोवती घिरट्या घालत होता. लग्नात घोडे नाचवायचा त्याचा धंदा. मागेल ती किंमत द्यायला तयार. आप्पांनी ते नाचणारे घोडे बघितले होते. पायात घुंगरू, समोर कपाटाएवढा स्पीकर, आणि मागच्या दोन पायांवर उभं राहायचं, ते नवरदेवाचे मित्र दमेपर्यंत. "ही कुकरच्या शिट्टीला बावरते," आप्पा म्हणाले होते. "तिथं चार दिवस नाही काढायची."

आप्पांची सगळी भिस्त होती जयवंतराव देवकात्यांवर. बारामतीकडचे बागायतदार. ते लांब पल्ल्याच्या शर्यतींत घोडे पळवायचे, चाळीस चाळीस, साठ साठ किलोमीटर, आणि घोड्यावर बसायची त्यांची मुलगी मुक्ता. दोन वर्षांपूर्वी अशाच एका शर्यतीत त्यांचा वादळ नावाचा घोडा पळता पळता कोसळला. काळीज बंद पडलं. मुक्ता त्याच्याखाली सापडली, कंबरेचं हाड मोडलं, सहा महिने अंथरुणात होती. तेव्हापासून जयवंतरावांचा नेम होता, की आतून बघितल्याशिवाय घोडा दारात आणायचा नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी लवंगीला खोगिरासकट पळताना बघितलं होतं आणि ती त्यांच्या मनात भरली होती. सकाळी मी पोचले तेव्हा म्हणाले, "आधी मशीन, मग बाकीचं," आणि मुक्ताला घेऊन चहाला निघून गेले. बाकीचं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. काळीज बघून झाल्यावर घोड्यात बघण्यासारखं आणखी काय उरतं, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

केस काढण्याआधी मी एक काम केलं होतं, ते इथं सांगायला हवं. कुठल्याही घोड्याला हात लावायच्या आधी मी त्याचा ओळखीचा कागद भरते. त्यावर घोड्याची नुसती आकृती छापलेली असते, डावी बाजू, उजवी बाजू, तोंड. घोड्याच्या अंगावर पांढरं कुठं आहे ते त्यात रंगवायचं, आणि केसांचे भोवरे जिथं जिथं असतील तिथं फुली मारायची. माणसाचा अंगठा घेतात तसं. आप्पा घोडीवरची झूल काढू देत नव्हते, थंडी बाधेल म्हणत होते, म्हणून मी झुलीचा एकेक कोपरा उचलून बघितलं आणि फुल्या मारल्या. कपाळावर एक, गळ्यावर एक, मानेला दोन, कुशीजवळ एक, उजव्या कोपरामागे एक. सहा झाल्या.

"या फुल्या कशाला?" आप्पांनी विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, हा कागद कोणाकडं राहणार? जो घेईल त्याच्याकडं, मी म्हणाले. भादरून झाल्यावर आप्पांनी तो विषय पुन्हा काढला, की आता कागद नव्यानं लिहा ना, आता ती अशी दिसते. मला हसू आलं. मी म्हटलं, आप्पा, दाढी केली म्हणून कोणी आधार कार्ड नवीन काढतं का? आप्पा हसले नाहीत.

कातडीला स्पिरिट चोळलं, जेली लावली, दांडा टेकवला आणि पडदा उजळला. लवंगीचं काळीज समोर आलं. आणि माझा पहिला गोंधळ तिथं सुरू झाला.

काळीज मोठं होतं. नुसतं मोठं नाही, अवाढव्य. डाव्या कप्प्याची रुंदी मी तीनदा मोजली, तिन्ही वेळा साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास. माझ्याकडच्या तक्त्यात हे माप पाचशे किलोच्या विलायती घोड्यापुढे लिहिलेलं होतं. लवंगी जेमतेम साडेतीनशे किलोची. बरं, मोठं काळीज दोन प्रकारचं असतं. एक पळून पळून कमावलेलं, पैलवानाच्या दंडासारखं. दुसरं आजारानं सैल पडून फुगलेलं. बाहेरून माप एकच. फरक कळतो तो ते किती जोरानं आवळतं त्यावरून. आणि लवंगीचं काळीज अगदी आळसात आवळत होतं, शेकडा तीसच्याही खाली, म्हणजे ना धड आजारी ना धड निरोगी. त्यात भर म्हणून मधेच ते थांबायचं. चार ठोके पडायचे, पाचवा गायब. पडद्यावरची लाट सपाट व्हायची, आणि मग घोडी काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू करायची.

विश्रांतीत असलेल्या तगड्या घोड्याचं काळीज असं ठोके गाळतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण वादळसुद्धा तगडाच होता की. मी पास म्हणाले आणि उद्या ही घोडी त्या मुलीला घेऊन कोसळली तर? आणि नापास म्हणाले, तर गुलाबशेठ दहा पावलांवर कडब्याच्या गंजीला टेकून विडी ओढत उभा होताच.

"कसं आहे?" आप्पांनी विचारलं.

"कळत नाही," मी म्हणाले. खरंच कळत नव्हतं.

जयवंतराव आणि मुक्ता आले तोवर आप्पांनी घाईघाईनं झूल पुन्हा घोडीवर टाकली होती. मी जयवंतरावांना सांगितलं, की उभ्या घोडीवरून मला ठाम काही बोलता येणार नाही. तिला दमवून आणा आणि आल्या आल्या पुन्हा बघू. काळीज सैल असेल तर दमल्यावर ते आणखी लोळेल. कमावलेलं असेल तर तेव्हाच खरं रूप दाखवेल. मुक्तानं लगेच खोगीर उचललं. आप्पांनी मला मधे न येऊ देता स्वतः पोटाखालून पट्टा ओढला, आवळला, आणि मगच झूल काढली.

मुक्ता नदीकाठच्या वाटेनं गेली. धुक्यात काळी घोडी दिसेनाशी झाली आणि नुसत्या टापा ऐकू येत राहिल्या. जयवंतराव त्या आवाजाकडे कान देऊन उभे होते. टापा जरा मंदावल्या की त्यांची मूठ आवळायची. आप्पा जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, दोघांना एकाच गोष्टीची धास्ती आहे.

वीस मिनिटांनी ती परत आली. लवंगीच्या अंगातून वाफा निघत होत्या. "खोगीर काढा लवकर," मी म्हणाले, कारण दोन मिनिटांत काळीज शांत व्हायला लागतं. मुक्तानं पट्टा सोडला, खोगीर उतरवलं, मी दांडा टेकवला.

काय सांगू. असं काळीज मी त्याआधी बघितलं नव्हतं, आणि नंतरही फार नाही. मगाशी आळसावलेल्या भिंती आता अशा मिटत होत्या की मधली जागा जवळजवळ नाहीशी होत होती. मिनिटाला सव्वाशे ठोके, एकही गाळलेला नाही. झडपा चोख. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी पडदा वळवला आणि म्हटलं, "जयवंतराव, हे बघा. हे बघायला मिळत नाही."

जयवंतराव पडद्याकडे बघतच नव्हते. ते घोडीच्या कोपरामागच्या भादरलेल्या जागेकडे बघत होते. भोवती जमलेले चारपाच लोकही तिकडेच बघत होते. गुलाबशेठ विडी टाकून जवळ आला, वाकून बघितलं आणि आप्पांना म्हणाला, "जागा बरी निवडली, आप्पा." मला वाटलं, घोडी बांधायच्या जागेबद्दल बोलतोय.

"ठीक आहे, बघू," जयवंतराव म्हणाले, आणि मुक्ताच्या खांद्यावर हात ठेवून चालू लागले.

मी तिथंच, हातात दांडा, बोटांवर जेली. घोडी पास झाली होती, पहिल्या नंबरानं पास झाली होती, आणि गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं होतं. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते मला कळेना. आप्पांना विचारलं तर ते उत्तर न देता घोडीला पुसत बसले. मी घाईनं अहवाल छापला, काळजाच्या चित्रांसकट तीन पानं, सगळे कागद एका फाईलमधे कोंबले आणि जयवंतरावांच्या मागे चहाच्या पालापर्यंत गेले.

तिथं बसून मी त्यांना सगळं पुन्हा समजावलं. शेकडेवारी सांगितली, माप सांगितलं, वादळमधे आणि हिच्यात काय फरक असू शकतो ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खानविलकर डॉक्टर, एक विचारतो. तुम्ही केस काढलेत, त्याआधी तिथं काय होतं?"

"काय म्हणजे? केस होते."

मुक्ता चहात बघत राहिली. जयवंतरावांनी मग मला शिकवलं. खोगीर ज्या पट्ट्यानं पोटाखालून आवळतात तो तंग. नेमका त्या तंगाच्या जागी केसांचा भोवरा असला तर त्याला म्हणायचं तंगतोड. असला घोडा स्वाराला पाडतो. नुसता पाडत नाही, घेऊन जातो. गळ्यावरचा भोवरा चांगला, कपाळावरचा एक चांगला, पण तंगतोड फुकट दिला तरी जाणता माणूस त्यावर आपलं लेकरू बसवणार नाही. विकणाऱ्यांना हे माहीत असतं, म्हणून कोणी तिथले केस जाळतो, कोणी घासून जखम करतो. "आजवर जाळलेलं बघितलं, घासलेलं बघितलं," ते म्हणाले. "डॉक्टर बोलावून भादरलेलं आज पहिल्यांदा बघतोय."

माझे कान तापले. झूल, मोठं काढा, कागद नव्यानं लिहा, सगळं एकापाठोपाठ माझ्या डोळ्यांपुढून गेलं. म्हाताऱ्यानं मला हजाम केलं होतं. आणि सहावी फुली माझ्या काखेतल्या फाईलमधे होती, माझ्याच हातानं मारलेली.

"मला एवढंच सांगा," जयवंतराव म्हणाले. "तिथं भोवरा होता?"

पालाच्या फटीतून मला लवंगी दिसत होती. गुलाबशेठ तिच्याजवळ उभा होता आणि तिचा मागचा पाय उचलून बघत होता. आप्पा काही बोलत नव्हते. मला राग आला. आप्पांचा आला, जयवंतरावांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. तसलं काळीज छातीत घेऊन उभी असलेली घोडी, आणि तिचा निकाल लागणार चार केस कुठल्या दिशेला वळलेत त्यावरून.

"नव्हता," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

जयवंतरावांनी सुस्कारा सोडला. "तुम्ही डॉक्टर आहात. तुम्ही म्हणता म्हणजे नव्हता." त्यांनी एवढं सहज म्हटलं, की मी चहाचा कप खाली ठेवला.

आम्ही परत गेलो. गुलाबशेठ बाजूला झाला. तिथल्या रिवाजाप्रमाणे जयवंतरावांनी खांद्यावरचा पंचा काढून आप्पांच्या हातावर टाकला, की पंच्याखाली बोटं धरून भाव ठरावा, चार लोकांना कळू नये. हात घालता घालता ते म्हणाले, "आप्पा, माझ्या मनात शंका आली होती. पण डॉक्टर म्हणतात भोवरा नव्हता. मग माझं काही म्हणणं नाही."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही. पंचा थोडा हलला, आणि आप्पांनी हात बाहेर काढून घेतला.

"होता," ते म्हणाले.

"काय?"

"भोवरा. तंगावरच. मीच म्हणालो यांना, मोठं काढा."

जयवंतराव माझ्याकडे वळले, आणि आप्पांनी त्यांच्या दंडाला धरलं. "त्यांना बोलू नका. माझ्यासाठी केलं त्यांनी." मग मला म्हणाले, "पण ताई, केसाचं तुम्ही खोटं सांगितलंत, मग आतलं सांगितलंत ते खरं कोण धरणार? केस तरी चार माणसांना दिसतात. आतलं तुमच्याशिवाय कोणालाच दिसत नाही. तिचं तेवढं एक खरं राहू द्या."

मी फाईल उघडली आणि ओळखीचा कागद काढून जयवंतरावांच्या हातात दिला. दुसरं काय करणार होते? त्यांनी बोटानं एकेक फुली मोजली. सहाव्या फुलीवर बोट थांबलं.

"आता मी काय खरं धरू?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

मी म्हटलं, यंत्र पुन्हा लावते, तुम्ही स्वतः बघा. ते म्हणाले, मला त्यातलं काय कळतं. ते वाचणार तुम्हीच ना. मी मान खाली घालून उभी राहिले, आणि लाज वाटते म्हणजे काय होतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

मुक्ता माझ्यापाशी आली आणि माझ्या गळ्यातली नळी मागितली. मी ती तिच्या कानांत घातली, टोक घोडीच्या त्या भादरलेल्या जागी धरलं. घोडी आता शांत झाली होती. मुक्ता डोळे मिटून ऐकत राहिली. बराच वेळ. मग एकदम डोळे उघडले.

"थांबलं."

"थांबेल," मी म्हणाले. "आता पुन्हा सुरू होईल."

"झालं." तिनं आणखी थोडं ऐकलं. मग नळी काढून वडिलांना म्हणाली, "बाबा, वादळच्या अंगावर एकही वाईट भोवरा नव्हता. तुम्हीच एकेक मोजून आणला होता त्याला."

जयवंतरावांचा चेहरा असा झाला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"तंग मी बांधणार आहे," मुक्ता म्हणाली. "रोज दोनदा तपासून बांधीन. पडले तर मी पडेन."

जयवंतराव खूप वेळ घोडीकडे बघत होते. शेवटी त्यांनी पंचा झटकला आणि पुन्हा आप्पांच्या हातावर टाकला. आतल्या आत बोटं दाबली गेली, आणि आप्पांनी पहिल्याच भावाला मान हलवली. भाव वाढवून मागायचा त्यांना विसरच पडला असावा, किंवा तोंड राहिलं नसेल.

निघताना जयवंतरावांनी ओळखीचा कागद घडी घालून खिशात ठेवला. काळजाचा अहवाल मात्र मला परत दिला. "हा असू द्या तुमच्याकडं," ते म्हणाले. "घोडी मी मुलीच्या शब्दावर नेतोय." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

त्यांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही. लवंगी सहा वर्षं पळाली, हे मी इतरांकडून ऐकलं. मुक्ता त्या सहा वर्षांत दोनदा पडली, दोन्ही वेळा दुसऱ्या घोड्यांवरून. माझं खोटं त्या घोडीच्या कामी आलं की आडवं आलं, याचा मी अजून विचार करते आणि अजून मला काही ठरवता येत नाही. मी 'नव्हता' म्हणाले नसते तर जयवंतराव पंचा घेऊन परत आलेच नसते. आणि मी तसं म्हणाले नसते तर आप्पांना खरं बोलायची वेळच आली नसती. एवढ्यावर येऊन डोकं चालेनासं होतं.

लवंगीला गाडीत चढवलं तेव्हा आप्पा बघायला गेले नाहीत. मी जीपच्या मागे बसून तारा गुंडाळत होते. ते आले आणि शेजारी टेकले. गुडघे वाजले. हातात झूल होती, ती जयवंतरावांना द्यायची राहून गेली होती.

"रागावलात?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीही रागावा," मी म्हणाले. "फिट्टंफाट."

ते जरा हसले. मग माझ्या मांडीवरच्या तीन पानांकडे बोट केलं. "त्यात तिचं काळीज आहे ना?"

"आहे."

"त्यांना नको असेल तर मला द्या. फोटो तर सगळेच काढतात घोड्याचा. हे कोणाकडं नसेल."

मी पानं दिली. तो कागद उष्णतेवर छपाई होणारा, दोनतीन वर्षांत कोरा पडतो. सुरतेच्या उन्हाळ्यात आणखी लवकर पडेल. हे मला माहीत होतं आणि मी ते त्यांना सांगितलं नाही. दिवसातलं दुसरं खोटं.

आप्पांनी ते पान डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, उलटं केलं. "वरची बाजू कुठली?"

मी ते त्यांच्या हातात सरळ करून दिलं. हे काळं आहे ते रक्त, ही पांढरी ती भिंत, खाली या लाटा आहेत तो एकेक ठोका. ते लाटांवरून बोट फिरवत गेले. चार लाटा झाल्या आणि पुढे रेघ सपाट होती.

"हे काय?"

"इथं ती थांबली होती. सकाळी. मग पुन्हा सुरू झाली."

"इथं थांबली होय," आप्पा म्हणाले, आणि अंगठा तिथंच ठेवून बसून राहिले.